चिखल, घाट की हायवे: एक्सपल्स २००, क्लासिक ३५० आणि हिमालयन ४५०

पावसाळ्यात गडाच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत गाडी न्यायची असेल, तर या तीन मोटरसायकलींत हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्हीच घ्यावी. कारण वजन. ती सुमारे १६० किलोची, रॉयल एनफिल्डच्या बाकी दोघी १९५च्या आसपास. लाल चिखलात गाडी आडवी झाली की हे ३५ किलो कळतात. २१ इंची पुढचं चाक दगडात अडकत नाही, त्यावरून चढून जातं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, २२० मिमी.

चाकं तारांची, टायर ट्यूबचे. २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही, म्हणून एक सोबत ठेवा. अडीनडीला तीच मागच्या १८ इंची चाकात दुमडून बसवता येते आणि सावकाश घर गाठता येतं. चिखलासाठी हवा थोडी काढा, पण बेतानं. फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. डांबर लागलं की लगेच हवा भरा. ताशी ९० किमीच्या पुढे मात्र हिचं इंजिन थकतं.

दोघांनी ताम्हिणी किंवा आंबोली निवांत चढायचा असेल, तर क्लासिक. २७ एनएम टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) ४००० आरपीएमलाच (मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. सीट ८०५ मिमी, बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन टप्पे वाढवा, नाहीतर गाडी मागे बसते आणि वळणात खालचे भाग घासतात. १७० मिमी क्लिअरन्सवर दगडी वाटेला मात्र नेऊ नका.

हिमालयनची ४० पीएस ताकद आणि १७ लिटरची टाकी लेह-लडाखसारख्या लांब दौऱ्यासाठी उत्तम. महाराष्ट्रात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी दोन्ही दुचाकींना बंद, त्यामुळे ती ताकद घराजवळ फारशी वापरली जात नाही. शिवाय ३००० आरपीएमखाली इंजिन सुस्त, घाटातल्या ट्रकमागे खालचा गिअर टाकावाच लागतो. घेणारच असाल तर ट्यूबलेस स्पोक चाकांचीच घ्या.

टेस्ट राइडला जाताना रोजचे रायडिंग बूट घाला. इंजिन बंद करून, सीटवर बसूनच गाडी हलक्या चढावर मागे ढकलून पाहा. तिथे पाय पुरले नाहीत, तर एक्सपल्स आणि हिमालयनची ८२५ मिमीची सीट चिखलात तुम्हाला पाडणार.