म्यंगदोंग आणि नामदेमुन : सोलमध्ये कुठे काय घ्यावं

सोलला येणारे बहुतेक पर्यटक सगळी खरेदी म्यंगदोंगमध्ये उरकतात आणि तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेला नामदेमुन बाजार फोटोपुरता बघतात. आमचं मत याच्या उलट आहे. सौंदर्यप्रसाधनं म्यंगदोंगला घ्यावीत, बाकी जवळजवळ सगळं नामदेमुनला.

आधी वार बघा, कारण गडबड तिथेच होते. रविवारी नामदेमुनची बहुतेक दुकानं बंद असतात. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, तर छांगदोकगुंग आणि दोकसुगुंग हे राजवाडे सोमवारी. म्हणजे बुधवार ते शनिवार यातला दिवस धरला की काहीच हुकत नाही. सकाळी 10 वाजता ग्योंगबोकगुंगला पहारेकऱ्यांची बदली बघावी (तिकीट 3,000 वॉन, हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घातला असेल तर प्रवेश मोफत). मग मेट्रोच्या 3 नंबर लाइनने छुंगमुरो, तिथे 4 नंबर लाइन पकडून ह्वेह्यॉन स्टेशन. 5 नंबरच्या दारातून वर आलात की समोरच नामदेमुन बाजार. टी-मनी कार्ड (बस-मेट्रोसाठी पैसे भरून वापरायचं कार्ड) बसमधून उतरतानाही टेकवायचं असतं. विसरलात तर बदलीच्या प्रवासाची सवलत जाते. कार्ड भरायला थोडी रोकड जवळ असू द्या.

बाजारात चष्मा करायचा असेल तर पहिलं काम तेच. साधा एका नंबरचा चष्मा तासाभरात, पुष्कळदा त्याआधीच हातात मिळतो, कारण नेहमीच्या नंबरांच्या काचा दुकानातच असतात. प्रोग्रेसिव्ह (जवळचं-लांबचं एकाच काचेत) किंवा मोठ्या सिलिंडर नंबरच्या काचा मागवाव्या लागतात, त्याला काही दिवस जातात. परतीच्या आदल्या दिवशी असा चष्मा सांगणं म्हणजे पैसे अडकवणं. नंबरचा कागद बरोबर ठेवा, आणि फ्रेमची किंमत काचांसकट आहे की वेगळी, हे आधीच विचारा.

भांड्यांचा मजला हे या बाजाराचं खरं वैभव. स्टीलचे चपटे चॉपस्टिक, लांब दांड्याचे चमचे, पिवळ्या अल्युमिनियमची रामेनची पातेली, बिबिम्बापची, म्हणजे भाज्या-मांस घातलेल्या भाताची, दगडी वाटी. दगडी वाटी इंडक्शनवर चालत नाही आणि गरम असताना गार पाणी पडलं तर तडकते. पहिल्या वापराआधी मिठाच्या पाण्यात मंद आचेवर तापवून घ्यावी. वजनही बरंच असतं, तेव्हा विमानाच्या बॅगेचा हिशेब आधी करा. पादत्राणांचे नंबर मिलिमीटरमध्ये असतात : 250 म्हणजे 25 सेंटिमीटर लांबीचं पाऊल. घासाघीस थोडीफार चालते, पण ती रोखीत आणि दोन-तीन नग घेतले तरच.

खाण्यासाठी ह्वेह्यॉन स्टेशनच्या त्याच दारापाशी असलेली कालगुक्सूची, म्हणजे हाताने कापलेल्या नूडल्सच्या सूपची, गल्ली उत्तम. मांस न खाणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. कालगुक्सूचं पाणी सुक्या मासळीत उकळलेलं असतं आणि किमचीत (आंबवलेल्या कोबीत) बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा अर्क असतो. बार्लीचा बिबिम्बाप मागून ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या, असं सांगता येतं. हॉत्तोक या गोड भरलेल्या पोळीतला गुळासारखा पाक जीभ भाजतो. दोन मिनिटं थांबून खा.

बाजाराच्या टोकाला सुंगन्येमुन दरवाजा आहे. मूळ बांधकाम 1398 चं. 2008 मध्ये आगीत वरचं लाकडी काम जळालं आणि 2013 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. कमानीखाली उभं राहून छतावर रंगवलेले ड्रॅगन जरूर बघा, बहुतेक जण मान वर न करताच निघून जातात.

म्यंगदोंगला संध्याकाळी जावं, खाण्याचे ठेले तेव्हाच लागतात. प्रसाधनांच्या दुकानांत भाव ठरलेले असतात, पण ‘1+1’ (एकावर एक मोफत) आणि जोडसंचांमुळे ते परवडतात. डब्यावरची तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिलेली असते. तिच्यापाशी ‘जेजो’ असेल तर ती बनवल्याची तारीख, ‘क्काजी’ असेल तर मुदत संपण्याची. हे न कळल्याने चांगला माल लोक परत करतात.

किमतीत 10 टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. सेवाशुल्क कापून त्यातला काही भाग परत मिळतो. अटी अशा : मूळ पासपोर्ट, ‘टॅक्स फ्री’ पाटीचं दुकान, एका बिलावर किमान 15,000 वॉन. 9,000 आणि 8,000 ची दोन बिलं केलीत तर काहीच मिळत नाही. गल्ल्यावर लगेच कर वजा करणारं दुकान असेल तर तेच निवडा. ही सोय 10 लाख वॉनच्या आतल्या बिलाला आणि सगळ्या मुक्कामात मिळून 50 लाखांपर्यंत लागू आहे. नामदेमुनच्या छोट्या दुकानांत रोखीने घेतलेल्या मालावर ही आशा धरू नये.

कागदी पावती मिळाली असेल तर विमानतळावर बॅग सोपवण्याआधी किऑस्कवर पासपोर्ट आणि पावत्या स्कॅन करा. परतावा 75,000 वॉनच्या वर असेल तर कस्टमवाले वस्तू बघायला मागू शकतात. मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेतच न्याव्या लागतात, म्हणून ती बॅग काउंटरवर गेली की दाखवायला काही उरत नाही. ती प्रसाधनं बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि या कामासाठी अर्धा तास जास्तीचा धरा.