शेजारच्या शिक्षकाने वर्गात बसावे, पण शेरा कोणी वाचावा? : सहकारी मार्गदर्शन उपक्रमावरील अभिप्राय

शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने बीड जिल्ह्यातील आमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, गेले शैक्षणिक वर्षभर शिक्षकांच्या जोड्यांचा उपक्रम चालवला. जोडीतील शिक्षकांनी आळीपाळीने एकमेकांच्या वर्गात बसायचे, पाठाआधी थोडे आणि पाठानंतर सविस्तर बोलायचे, आणि महिन्यातून एकदा संस्थेच्या सुलभकाने, म्हणजे चर्चेला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याने, त्यात सहभागी व्हायचे, असे त्याचे स्वरूप आहे. जिल्हा परिषद शाळांना शुल्क नाही. खासगी अनुदानित शाळांकडून ते घेतले जाते. शेजारच्या तालुक्यांतील शिक्षक नोंदणीविषयी विचारणा करीत आहेत, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

उपक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाठ पाहण्याची रीत. शिकवणारा शिक्षक पाठाआधी स्वतःच एक प्रश्न ठरवतो आणि पाहणाऱ्याने फक्त त्याच प्रश्नाची नोंद ठेवायची असते. माझ्या जोडीदार मॅडमनी तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी घेतली, तेव्हा त्यांचा प्रश्न होता, ‘मधल्या शून्याशी मुले कुठे अडतात?’ फळ्यावर ५०३ वजा १७८ हे उदाहरण पायरीपायरीने झाले, ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले. पण मी बसलो होतो त्या ओळीत तीन वह्यांमध्ये याच उदाहरणाचे उत्तर ४७५ होते, आणि पुढच्या उदाहरणांतही तोच प्रकार होता. मुलांनी आठातून तीन, सातातून शून्य आणि पाचातून एक वजा केला होता, म्हणजे प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला हे दिसणे जवळजवळ अशक्य असते. ‘सर, बरं झालं वह्या बघितल्यात, मला तर वाटलं पाठ छान झाला,’ असे मॅडम म्हणाल्या. पुढच्या तासिकेला त्यांनी तुराट्यांच्या काड्यांचे दशकांचे आणि शतकांचे गठ्ठे आणले, मुलांनी शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक मोकळे केले, आणि ३२५ हे उत्तर हाताने मोजून काढले. मीही माझ्या वर्गात तो पाठ त्याच पद्धतीने घेतला.

पाहणाऱ्यानेच पाठातून शिकावे, या गोष्टीला आधार आहे. सहकारी मार्गदर्शनाची कल्पना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी रूढ केली. प्रशिक्षणात ऐकलेले आणि पाहिलेले वर्गात उतरायचे असेल तर शाळेतच सोबतीची गरज असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९६ मध्ये त्यांनी एकमेकांना तोंडी अभिप्राय देण्याचा भाग आपल्या पद्धतीतून काढून टाकल्याचे लिहिले, कारण अभिप्राय म्हटला की तपासणीचा सूर येतोच. शिकवणाऱ्याला मार्गदर्शक मानावे आणि पाहणाऱ्याने शिकावे, अशी मांडणी त्यांनी केली. संस्थेच्या पुस्तिकेत त्यांचा आदराने उल्लेख आहे, परंतु नोंदीच्या नमुन्यात ‘सुधारणेच्या सूचना’ हा रकाना मात्र ठळकपणे ठेवला आहे. आमच्या जोडीने तो वर्षभर कोरा सोडला.

खरी तक्रार मात्र याहून गंभीर आहे. पहिल्या सत्रानंतर नोंदी मोबाइल अ‍ॅपवर भराव्या लागू लागल्या, आणि त्या पर्यवेक्षीय अधिकाऱ्यांनाही दिसतात, हे कळल्यावर नोंदींची भाषा एका आठवड्यात बदलली. ‘तीन वह्यांत ४७५’ असे लिहिणारे हात ‘पाठ उत्तम झाला, शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर’ असे लिहू लागले. तपासणीला आलेले अधिकारी ज्यात शेरे लिहितात, त्या शेरेबुकाचीच ही डिजिटल आवृत्ती. संस्थेच्या समन्वयकांना हे सांगितल्यावर ‘पारदर्शकतेसाठी आवश्यक’ असे उत्तर मिळाले. सहकाऱ्याची अडचण वरिष्ठांच्या नजरेस पडणार असेल, तर भला माणूस ती लिहिणार नाही, आणि त्याने लिहू नयेच.

दुसरी अडचण शाळांच्या रचनेची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक असतात. वाडी-तांड्यांवर ते चार-पाच इयत्ता सांभाळतात. अशा शाळेत मी मॅडमच्या वर्गात बसलो की माझी जोडवर्गाची मुले वाऱ्यावर. सुलभक येतात त्या दिवशी ते माझा वर्ग घेतात, आणि पहिलीला गोष्ट सांगण्यात त्यांचा हातखंडा आहे, हे मान्यच करावे लागेल; पण इतर दिवशी पुस्तिकेकडे याचे उत्तर नाही. तिच्यातील सर्व उदाहरणे एका इयत्तेला एक शिक्षक असलेल्या शहरी वर्गातील आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतील मुले पाडव्याच्या सुमारास परततात, तेव्हा कोणत्या वहीची तुलना कोणत्या वहीशी करायची, हा प्रश्नही तिला पडलेला नाही.

प्रमाणपत्र मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी दरवर्षी ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा असे म्हटले आहे. त्यात हे तास धरले जातील का, यावर संस्थेने लेखी काही दिलेले नाही.

तरीही रात्री मोबाइलवर चित्रफिती पुढे ढकलत पूर्ण करायच्या ऑनलाइन प्रशिक्षणांपेक्षा हा उपक्रम मी निःसंशय वरचा मानतो. तीन-चार शिक्षक असलेल्या शाळांनी नोंदणी जरूर करावी. द्विशिक्षकी शाळांनी सुलभकाच्या भेटी महिन्यातून किमान दोन ठरवून घ्याव्यात. आणि सर्वांनीच, करारावर मुख्याध्यापकांची सही होण्यापूर्वी, निरीक्षणाची नोंद जोडीबाहेर कोणालाही दिसणार नाही, हे संस्थेकडून लेखी घ्यावे; ते मिळत नसेल तर अ‍ॅप बाजूला ठेवून साध्या वहीवर जोडी चालवावी, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.