अमेरिकेला शिकायला जाताना कोणती साइट कशासाठी उघडायची?

ॲडमिशन झाली की घरात दोन चौकश्या सुरू होतात. आई-बाबांना हवं असतं, "तिथे सुरक्षित आहे ना?" याचं उत्तर, आणि ज्याला जायचंय तो व्हिसाच्या नियमांत अडकलेला असतो. दोघांच्याही समोर येतात ते कन्सल्टंटचे व्हिडिओ. खरी माहिती फुकट आहे, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणाची आपली एक बाजू आहे.

आधी कॉलेज निवडीचं पाहू. एज्युकेशन-यूएसए ही अमेरिकी परराष्ट्र खात्याची, कॉलेज निवडीचा सल्ला देणारी साइट. मुंबईतलं तिचं केंद्र यूएसआयईएफ ही भारत-अमेरिका शैक्षणिक संस्था चालवते. कुठल्या कॉलेजकडून कमिशन नसल्यामुळे सल्ला बराच सरळ मिळतो. स्टडी इन द स्टेट्स ही साइट होमलँड सिक्युरिटी खात्याची, आणि परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा विभाग आइस या, स्थलांतराचे कायदे राबवणाऱ्या यंत्रणेखाली येतो. म्हणून पहिलीचा सूर 'या, शिका' असा, तर दुसरीचा 'नियम मोडलात तर स्टेटस गेलं' असा. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही, असे नियम दुसरीवरच वाचावेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

मात्र परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्यांच्या सरकारी यादीत नाव आहे म्हणजे कॉलेज चांगलं, असं धरून चालू नका. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ त्या यादीत होतं. २०१९ साली उघड झालं की ते आइसनेच सापळा म्हणून रचलेलं होतं. ना वर्ग, ना शिक्षक. नाव घातलेल्या सुमारे ६०० जणांत बहुतेक भारतीय होते. यादी सांगते ती परवानगी, शिक्षणाचा दर्जा नाही. वर्ग भरतात का, शिकवतं कोण, हे स्वतः तपासावं लागतं.

आता सुरक्षिततेकडे येऊ. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. त्यातून १९९० चा कायदा आला, आणि आता जवळपास प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचा अहवाल काढावा लागतो. क्लेरी अहवाल म्हणतात तो हाच. शिक्षण खात्याच्या साइटवर दोन विद्यापीठांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवूनही पाहता येतात.

पण हा अहवाल मोजतो काय? कॅम्पस, विद्यापीठाच्या ताब्यातल्या इमारती आणि कॅम्पसला लागून असलेला रस्ता. आपली मुलं राहतात कुठे? बहुतेक जण चौघांत मिळून घेतलेल्या, बसने वीस मिनिटं लांब असलेल्या स्वस्त अपार्टमेंटमध्ये. तो रस्ता या अहवालात येतच नाही. शिवाय लायब्ररीतून लॅपटॉप उचलला गेला, तर अशी साधी चोरीही त्यात मोजत नाहीत. ती दिसते विद्यापीठ पोलिसांच्या रोजच्या नोंदवहीत. मागच्या ६० दिवसांची नोंद कुणालाही पाहता येते. अहवाल वाचण्याआधी ही नोंदवही वाचावी, असं मी सांगेन. आणि सगळीकडे शून्य दिसलं तर खूश होऊ नका. कधी कधी तक्रार घेणारंच कुणी नसतं.

घर ठरवायला मात्र शहराच्या पोलिसांचा डेटा हवा. शिकागोचं पोर्टल याबाबतीत उत्तम आहे. २००१ पासूनचे गुन्हे त्यात आहेत, शेवटचे सात दिवस सोडून. नेमका घर नंबर मिळत नाही, पण ब्लॉक कळतो. इलिनॉय टेक किंवा यूआयसी या शिकागोतल्या विद्यापीठांत जाणाऱ्याने अपार्टमेंटचा पत्ता आल्याबरोबर तिथे टाकून पाहावा. दोन चौकांत केवढा फरक पडतो ते दिसेल. प्रत्येक शहराचं पोर्टल इतकं नीट नसतं, हेही खरं.

एफबीआयचे आकडे या कामाला निरुपयोगी. देशात सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत. २०२१ मध्ये नोंदीची पद्धत बदलली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचे आकडेच त्या वर्षात नीट आले नाहीत. त्यावरून शहरांची क्रमवारी लावू नका, असं एफबीआय स्वतःच बजावते.

तिसरी जोडी आहे पोलिसाशी गाठ पडली तर काय करायचं याची. राज्याची ड्रायव्हिंग पुस्तिका पोलिसाच्या बाजूने सांगते: गाडी बाजूला घ्या, आतच बसा, हात स्टिअरिंगवर ठेवा. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण उतरून "साहेब, साहेब" करत त्याच्याकडे जातो. तिथे दार उघडून त्याच्या दिशेने निघालात तर तो त्याला धोका समजतो. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची साइट तुमच्या बाजूने सांगते: गप्प राहण्याचा हक्क आहे, झडतीला संमती द्यायलाच हवी असं नाही. एकच वाचलं तर अर्धवट राहतं. गाडी चालवणाऱ्याने पुस्तिका आधी वाचावी, बाकीच्यांनी एसीएलयू.

यापैकी कुठेच ठळक न लिहिलेली एक गोष्ट २०२५ च्या एप्रिलमध्ये कळली. विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींशी पडताळून हजारोंची परदेशी विद्यार्थी म्हणून असलेली नोंद रद्द केली गेली. त्यात किरकोळ आणि निकाली निघालेल्या केसवालेही होते. कोर्टात दावे झाले आणि त्या नोंदी पूर्ववत कराव्या लागल्या. म्हणून केस डिसमिस झाली तरी कोर्टाची सर्टिफाइड प्रत काढून ठेवा, आणि पहिला ईमेल आपल्या डीएसओला, म्हणजे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला करा.