आडवी दुनळी की उभी?

जुळे सोलापूरच्या एका दोस्ताला क्ले (हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या) उडवायला सेकंडहँड बारा बोअर दुनळी बंदूक घ्यायचीय, नळ्या शेजारी-शेजारी (आडवी) की एकावर एक (उभी) यात अडकलाय, वर त्याला आखूडच पाहिजे. तर २० इंचाच्या आतली नळी साध्या लायसनवर चालत नाही, आणि बंदूक लई हलकी असली की खांद्याला सणसणीत बसते.

किमतीला आडवी बहुतेकदा स्वस्त. तिला सहसा दोन ट्रिगर, एक बार फुसका गेला तरी दुसरा बोटाखाली तयार. उभीला सिंगल ट्रिगर असतो, तो बऱ्याचदा पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसऱ्या नळीकडं जातो, त्यामुळं हलकं काडतूस घातलं की स्वस्त मालात कधीकधी अडतो. नेम मात्र उभीत सोपा, डोळ्यापुढं एकच नळी, आणि खालच्या नळीचा धक्का सरळ मागं येतो.

कुठलीही बघा, रिकामी आहे ना तपासून नळ्या सोडवा, त्यांच्या खालच्या हुकाला धरून टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर ठीक, भद्द आवाज आला तर नळ्यांचा जोड सुटलाय, पैसे खिशातच ठेवा.

रेंजवर नेमानं क्ले मारणार असाल तर उभी, २८ इंची. कधीमधी हौस आणि बजेट कमी असेल तर आडवी. नान्नजच्या माळावर फिरवायला मात्र कुठलीच नको, माळढोकाचं अभयारण्य आहे ते, आणि शिकारीला १९७२ पासून कायदा आहे.