खुब्याच्या दुर्बीण शस्त्रक्रियेनंतर: केंद्रात जावे की गावी राहून व्यायाम करावा?

खुब्याच्या सांध्यातील फाटलेला लॅब्रम (खोबणीच्या काठाचे लवचिक कडे) दुर्बिणीतून शिवून किंवा हाडाचा वाढलेला भाग घासून घेऊन घरी परतलेल्या मराठवाड्यातील रुग्णापुढे दोन पर्याय असतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथील फिजिओथेरपी केंद्रात आठवड्यातून तीन-चार वेळा जाणे हा एक, आणि व्यायाम शिकून ते गावीच करून पंधरवड्याला तपासून घेणे हा दुसरा. घरोघरी चर्चा खर्चाची होते. माझ्या मते मात्र आधी पाहायला हवे ते शस्त्रक्रियेला किती आठवडे झाले, हे.

पहिल्या काही आठवड्यांत गावचा पर्याय सरस ठरतो. या काळात कुबड्यांच्या आधाराने, पाऊल सपाट टेकवून साधारण १० किलोपर्यंतच भार द्यायचा असतो. लॅब्रम शिवला असेल तर हे बंधन बहुधा दोन-तीन आठवडे असते, पण कूर्चा (हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण) भरून यावी म्हणून हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडली असतील तर ते सहा ते आठ आठवडे चालते. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नसतो. व्यायामही साधे असतात: घोटा वर-खाली हलवणे, मांडीचे व नितंबाचे स्नायू आवळून सोडणे, थोडा वेळ पालथे पडून राहणे आणि घरच्या माणसाने पाय अलगद गोल फिरवणे. एवढ्यासाठी बीडहून सव्वाशे किलोमीटर गाडीत खुबा वाकवून बसणे किंवा एसटीच्या उंच पायऱ्या चढणे मला पटत नाही.

अर्थात घरही तसे हवे. कमोड आणि उंच खुर्ची नसेल, जेवायला मांडी घालूनच बसावे लागत असेल, तर व्यायामाने मिळवलेले तिथेच जाते. शेजारच्या गुडघ्याच्या रुग्णाचा कागद पाहून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम सुरू करणे ही दुसरी अडचण, कारण सुरुवातीला त्याने खुब्याच्या पुढच्या स्नायूंवर ताण येऊन दुखणे वाढते. पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर तेल लावून चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कुबड्या सुटल्यावर पारडे फिरते. दुखणे कमी झालेले असते, त्यामुळे अनेकजण नेमके तेव्हाच फिजिओथेरपी थांबवतात; केंद्राची खरी गरज मात्र आता असते. नितंबाच्या बाजूचा स्नायू कमजोर राहिला तर चालताना कंबर एका बाजूला खाली जाते आणि ते रुग्णाला स्वतःला कळत नाही. एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे-उतरणे, रबरी पट्ट्याचे व्यायाम हे सारे जाणकार नजरेखालीच सुधारते. मागून चालतानाचा व्हिडिओ काढून पाठवल्यास थोडेफार कळते, पण हाताने स्नायू तपासण्याची जागा तो घेत नाही.

केंद्र निवडताना यंत्रे मोजू नयेत. जिथे अर्धा तास करंट आणि शेक देऊन पाच मिनिटांत व्यायाम उरकतात, तिथे जाण्यापेक्षा घरचा व्यायाम बरा. शस्त्रक्रियेचा अहवाल मागून घेणारा आणि त्यावरून बंधने ठरवणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर आठवड्यातून दोन खेपाही पुरतात. खर्च अडचणीचा असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत चौकशी करावी. तिथे रांगेची तयारी मात्र ठेवावी लागते.

टेबलावर बसून काम करणाऱ्याला केंद्र त्यामानाने लवकर सोडता येते. शेतकऱ्याचे तसे नाही. धावणे साधारण तीन-चार महिन्यांनंतर सुरू होते, आणि उकिडवे बसून खुरपणी करणे किंवा वाकून सोयाबीन कापणे यांत खुबा धावण्यापेक्षाही खोल वाकतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना सर्जनला पुढच्या हंगामाची कामे सांगावीत आणि शक्य असल्यास कुबड्या सुटल्यानंतरचे दोन महिने पेरणी-काढणीच्या धांदलीत येणार नाहीत, असे पाहावे.