वॉल्टर टलचा माग काढताना: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या इंग्लिश फुटबॉलपटूची कारकीर्द अभ्यासायची असेल, तर सुरुवात शेवटापासून करावी आणि त्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरील शोधसेवा आधी उघडावी, असे मी आवर्जून सुचवेन. युद्धात मृत सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या, 1917 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतील सुमारे 17 लाख मृतांच्या नोंदी असून त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

टॉटनहॅमकडून खेळलेला फुटबॉलपटू वॉल्टर टल याचे आडनाव भरून पहिले महायुद्ध आणि मिडलसेक्स रेजिमेंट निवडली की हवी ती नोंद समोर येते: सेकंड लेफ्टनंट, मृत्यू 25 मार्च 1918, फ्रान्समधील आरास स्मारक, बे 7 (भिंतीचा कप्पा). नोंद नीट वाचली तर तीत दफनभूमीतील कबरीचा क्रमांक नाही, केवळ स्मारकाच्या भिंतीवरील जागा आहे, हे लक्षात येते. टलला मागे आणण्याचा त्याच्या सैनिकांनी गोळीबारातही प्रयत्न केला होता, पण त्याचा मृतदेह अखेरपर्यंत मिळाला नाही. इतक्या मोजक्या शब्दांत एवढे सांगणारी नोंद मला फार मोलाची वाटते.

मैदानावरचा हिशेब मात्र येथे शोधू नये. त्यासाठी क्लबांच्या इतिहासाकडेच वळावे लागते. फोकस्टन येथे 1888 मध्ये जन्मलेल्या टलचे वडील बार्बाडोसचे सुतार, तर आई केंटची होती. दोघेही लवकर गेल्याने तो लंडनमधील बेथनल ग्रीनच्या अनाथालयात वाढला. क्लॅप्टनकडून 1909 मध्ये एफए अमॅच्युअर कप ही हौशी संघांची स्पर्धा जिंकल्यावर त्याच वर्षी तो लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्ये दाखल झाला. ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या वर्णावरून अर्वाच्य शिवीगाळ केली, तरी तो शांतपणे खेळत राहिला आणि सामन्याच्या वार्ताहराने त्याचीच वाखाणणी केली. असे असूनही त्याला पुढे राखीव संघात ढकलण्यात आले आणि टॉटनहॅमसाठी फर्स्ट डिव्हिजन या तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीत तो जेमतेम 10 सामने खेळला, हा माझ्या मते उघड अन्याय होता. 1911 मध्ये नॉर्थॅम्प्टन क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला तेथे नेले आणि त्या क्लबसाठी तो शंभरहून अधिक सामने खेळला. पुढे फुटबॉलपटूंच्या बटालियनमध्ये भरती झालेला टल, कृष्णवर्णीयांना अधिकारी होऊ न देणारे लष्कराचे नियम आड येत असतानाही, 1917 मध्ये अधिकारी झाला. हे ठाऊक असले की नोंदीतील ‘सेकंड लेफ्टनंट’ या हुद्द्याचे वजन कळते.

मराठी वाचकांना हीच सेवा मेसोपोटेमियात पडलेल्या मराठा पलटणींच्या सैनिकांसाठीही वापरता येईल. तेथे नावांची रोमन वर्तनी बेभरवशाची असल्याने पलटणीवरून शोधणे बरे. फुटबॉलच्या अभ्यासकाने टलनंतर इंग्लंडचा हाफबॅक (मधल्या फळीतला खेळाडू) एव्हलिन लिंटॉट याची नोंद पाहावी. 1 जुलै 1916 रोजी, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, तो पडला आणि त्याचे नाव थिएपव्हाल स्मारकावर आहे.