पडका वाडा पाडून देतो म्हणाला, २,४०,००० घेऊन गेला

गल्लीत वर्षानुवर्षं बंद पडलेला वाडा असेल आणि कोणी 'वारसांचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, वॉर्ड ऑफिसात ओळख आहे, तुम्ही फक्त वर्गणी काढा' म्हणत दारात आला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. आमच्या पेठेत १२ घरांनी प्रत्येकी २०,००० दिले. १,८०,००० यूपीआयने, ६०,००० रोख. रोखीची पावती मागितली तर 'काम झाल्यावर एकदमच देतो'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

शिकलेसवरलेले लोक कसे फसले, असं विचारणाऱ्यांनी आधी ती मागची भिंत बघावी. बोळाकडे कललेली, विटांच्या सांध्यातून पिंपळ फुटलेला, पावसाळा तोंडावर आणि त्याच बोळातून पोरं शाळेत जाणार. आमच्या अर्जांवर वॉर्ड ऑफिसचा शेरा एकच, 'वारसांमध्ये वाद आहे'. त्यात हा माणूस पालिकेची कलम २६४ ची, म्हणजे पडायला आलेलं बांधकाम उतरवा अशी नोटीस घेऊन आला, गोल शिक्क्यासकट.

ती नोटीस आता समोर ठेवली की डोकं फिरतं. जावक क्रमांकाची जागा कोरी. आणि पत्ता आमच्या सोसायटीचा! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ खाली नोटीस निघते ती मालकाला किंवा भोगवटादाराला, शेजाऱ्याला नाही. (मुंबईत हेच काम १८८८ च्या कायद्यातल्या ३५४ ने होतं.) मालकाने बांधकाम उतरवलं नाही आणि पालिकेने उतरवलं, तर खर्च मालकाच्या डोक्यावर बसतो. तक्रारदाराकडून 'पाडकाम शुल्क' घेण्याची सोय त्या कलमात नाही. कोणी मागितलं की समजा, कागद खोटा आहे.

पण नोटीस राहू द्या. ट्यूब पेटायला हवी होती ती सागवानापाशी. जुना वाडा उतरवणारा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकाला पैसे देतो. तुळया, खांब, किलचणीच्या फळ्या, कोरीव चौकटी, पितळी कड्या, जोत्याचा घडीव दगड, सगळ्याला जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतं. या गृहस्थाला माल फुकट मिळत होता, तरी तो आमच्याकडे वर्गणी मागत होता. पेठेत जन्म गेलेल्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कललेल्या भिंतीकडे बघून हिशोब सुचला नाही, एवढंच.

रात्री टेम्पो लावून त्याने लाकूड तेवढं नेलं. राडारोडा आणि भिंत आम्हाला ठेवली. वाड्यात भिंतीला बाजूने धरून ठेवतात त्या तुळया. त्या ओढून काढल्या की मातीतल्या बांधकामाची उंच भिंत नुसती उभी राहते. वर कौलं नाहीत, म्हणजे पाणी थेट माथ्यातून आत मुरतं, माती फुगते आणि भिंत पोट काढते. पाडकाम वरून खाली व्हायला हवं: आधी कौलं, मग वासे, मग एकेका मजल्याची भिंत आणि तुळई बरोबरीने. खालून आधी लाकूड काढणारा दिसला की तो चोर आहे.

मुखत्यारपत्राचंही सांगतो. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नावं ७, मुखत्यारपत्रावर सह्या ३, आणि त्यातले एकजण सहीच्या तारखेआधीच वारलेले. जिवंतपणी सही केली असती, तरी देणारा गेला की त्याच्यापुरतं मुखत्यारपत्र संपतं. मिळकत पत्रिका ऑनलाइन मिळते. पैसे काढण्याआधी ती काढा.

आता साहेब लोकांचं. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब. खोटा शिक्का मारून पैसे घेतले ती दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४) फसवणुकीसाठी आणि ३३६ बनावट दस्तऐवजासाठीच आहे ना? वॉर्ड ऑफिस म्हणतं, नोटीस आमची नाही. बरं, मग तुमच्या नावाचा खोटा शिक्का फिरतोय तर तक्रार तुम्ही द्या! ती नाही. उलट 'विनापरवाना पाडकाम कोणी केलं' याचा खुलासा आमच्याकडेच मागितला. भिंतीला धिरे म्हणजे टेकू द्या, बोळ बंद करा म्हटलं, तर 'खाजगी मिळकत'. मालकाला कुंपण घालायला लावण्याचा अधिकार त्याच २६४ मध्ये लिहिलेला आहे, पण वाचतो कोण?

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, पोच जपून ठेवा, तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नोटीस खरी की खोटी हे तोंडी विचारू नका. १० रुपये भरून माहिती अधिकारात त्या तारखेच्या जावक नोंदवहीची प्रत मागा. हे पैसे देण्याआधी करायचं असतं.

भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, उद्या ती कोणावर पडली तर अर्ज आणि फोटो हाताशी हवेत. आणि रात्री वाड्यापुढे टेम्पो दिसला तर आधी नंबरप्लेटचा फोटो, मग ११२.